पिन बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही

वरुड-मोर्शी भागातील संत्रा बागायतदारांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या बॅटरीच्या कात्रीचा किंवा ड्रिलचा चार्जर फक्त पिन बदलून येथे बिनधास्त वापरावा, कारण हल्लीचे सर्वच चार्जर मोबाइलच्या चार्जरसारखे असतात. खेड्यात व्होल्टेज तसेही कमीच असते. आणि भीती वाटलीच तर स्टॅबिलायझर लावावा, असे त्यात म्हटले आहे. मी याच भागात वायरिंगची कामे करतो आणि या सल्ल्यातील एकही मुद्दा मला मान्य नाही.

मोबाइलच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, हे खरे आहे. परंतु अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हत्यारांच्या अनेक चार्जरवर इनपुटसमोर केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असते, आणि तेवढे वाचले तरी प्रश्न निकालात निघतो. (दुबईत आपल्यासारखाच २३० व्होल्टचा पुरवठा असल्याने तिथला चार्जर पिन बदलून चालतो, कदाचित हा गैरसमज तिथूनच पसरला असावा.)

आत काय घडते, तेही पाहू. चार्जर आलेली वीज प्रथम डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करतो. १२० व्होल्टचे शिखर, म्हणजे व्होल्टेज क्षणभर गाठते ती कमाल पातळी, सुमारे १७० व्होल्ट असते, म्हणून तेथे २०० व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) पुरतो, मात्र आपल्या २३० व्होल्टचे शिखर ३२५ पर्यंत जाते. गेल्या हंगामात, बागेत सल (वाळलेल्या फांद्या) काढण्याचे काम चालू असताना, असाच एक चार्जर माझ्याकडे आला. उघडला तेव्हा कपॅसिटरचे डोके फुगून फाटले होते, काचेचा फ्यूज आतून काळा पडला होता आणि त्यावर २०० व्होल्ट हे आकडे अजून स्पष्ट वाचता येत होते, म्हणजे कपॅसिटरवर.

व्होल्टेज कमी असण्याचा आधारही फसवा आहे. संध्याकाळी १६० व्होल्ट आले तरी त्याचे शिखर २२६, म्हणजे कपॅसिटरच्या २०० च्या वरच, होते, आणि मध्यरात्री गावातील भार उतरला की व्होल्टेज पुन्हा चढते. चार्जर तर बहुतेक जण रात्रभर लावून ठेवतात.

स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज २३० च्या आसपास आणतो, १२० करत नाही. त्यासाठी २३० चे ११० किंवा १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरच लागतो, आणि त्याची क्षमता चार्जरवर लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त हवी. जलद चार्जर २४० वॅटचा असेल तर मी ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजण्याचे एकक) ट्रान्सफॉर्मर घ्यायला सांगतो.

बॅटरी मात्र बदलावी लागत नाही, कारण १२० की २३० हा प्रश्न फक्त चार्जरचा आहे. अमेरिकेत २० व्होल्ट म्हणून विकलेली लिथियम बॅटरी बहुधा पाच सेलची, म्हणजे १८ व्होल्टचीच असते. त्यामुळे त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीला चालणारा २३० व्होल्टचा चार्जर नागपूर-अमरावतीत मिळत असेल, तर तोच आणावा.