‘अनोळखी दिसला की धरा’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पावसाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीच्या आधी गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द बदलतात, सांगणे तेच असते. पोलीस वेळेवर येत नाहीत, तेव्हा सगळ्या गावाने रोज रात्री जागायचे. अनोळखी माणूस दिसला की धरायचा. पोलिसांच्या हवाली करण्याआधी चोप द्यायचा. चौकात कॅमेरे बसवले की काळजी मिटली. आणि हा मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकायचा. गावाने आपली राखण करावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण या पद्धतीने केली तर चोर निसटतो आणि गाव गोत्यात येते.

‘पोलीस वेळेवर येत नाहीत’

कधी कधी खरे आहे. ग्रामीण ठाण्याची हद्द मोठी आणि रात्रगस्तीच्या गाड्या मोजक्या असतात. पण बराच वेळ पत्ता शोधण्यातही जातो. ११२ वर फोन करून ‘पवार वस्तीवर चोर आलेत’ एवढेच सांगितले तर नियंत्रण कक्षाला काय कळणार? पवार वस्ती शेजारच्या तीन गावांतही असते. गाव, तालुका, पोलीस ठाणे, कोणत्या रस्त्यावरचा कोणता फाटा, एवढे एका दमात सांगता आले पाहिजे. हे कागदावर लिहून प्रत्येक वस्तीवर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोन झाला की दोघांनी टॉर्च घेऊन फाट्यावर उभे राहायचे. पाठोपाठ पोलीस पाटील आणि बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, कळवायचे. ग्राम सुरक्षा यंत्रणेत गाव नोंदलेले असेल तर एका फोनवर सगळ्या गावाचे मोबाइल वाजतात. नोंद नसेल तर ठाण्यात विचारून ती आधी करून घ्या.

‘सगळ्या गावाने रोज जागायचे’

हे आठ-पंधरा दिवस चालते. दिवसा शेतात राबलेला माणूस रोज रात्री जागू शकत नाही. मग उत्साह ओसरतो, आणि टेहळणी करणाऱ्यांना तेच हवे असते. त्यापेक्षा हिशेब सोपा ठेवा. रात्री ११ ते २ आणि २ ते ५ अशा दोन पाळ्या, प्रत्येकीत चार माणसे, म्हणजे रात्रीला आठ जण. नावे ११२ जमली तर एकाची पाळी १४ दिवसांनी येते. एवढे कुणालाही झेपते, आणि वर्षभर टिकते.

नावांची यादी पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात द्या. त्यांची पडताळणी होऊ द्या आणि गस्तीच्या माणसांसाठी ओळखपत्रे मागा. ज्याच्यावर मारामारीचे गुन्हे आहेत किंवा जो पिऊन येतो, त्याला घेऊ नका. प्रत्येक पाळीत एक तरी शांत डोक्याचा, वयाने मोठा माणूस असावा. सामान थोडे लागते: दोन टॉर्च, प्रत्येकाला शिट्टी, चमकणारी जाकिटे आणि एक वही. जाकीट नसले तर अंधारात दुसऱ्या गावचे लोक तुम्हालाच चोर समजतील.

फेरीची वेळ आणि वाट रोज बदला. दर तासाला ठरलेल्या वाटेने फिरलात तर कोणत्या कोपऱ्यावर किती मिनिटे कोणी नसते, हे बघणाऱ्याला दोन रात्रींत कळते. देऊळ, सोसायटीचे गोदाम, दूध संकलन केंद्र आणि पंप-केबल असलेल्या विहिरी या जागा चुकवू नका. रोहित्रातले (ट्रान्सफॉर्मरमधले) तेल आणि तांब्याची तार चोरायला गाडी लागते. म्हणून शिवारात रात्री दिवे बंद करून थांबलेली गाडी दिसली, तर जवळ न जाता तिचा नंबर, वेळ आणि जागा वहीत लिहा आणि लगेच कळवा. चोरी झाल्यावर तपासाची पहिली दिशा बहुतेकदा अशा एका ओळीतून मिळते.

‘अनोळखी दिसला की धरा’

सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुले पळवणारे समजून मारहाण झाली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षेसाठी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडणारी ही माणसे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. परिसरात चोरांच्या अफवा होत्या, लोक रात्री पहारा देत होते, आणि पोलीस पोचल्यावरही जमाव आवरला नाही. एकदा शे-दोनशे माणसे गोळा झाली की कुणाचे ऐकायचे हेच उरत नाही. म्हणून जमाव होऊच न देणे हे गस्तीचे पहिले काम आहे.

अनोळखी कोण कोण असतात? ऊसतोड मजूर, मेंढरे घेऊन निघालेले धनगर, वाट चुकलेला टेम्पोवाला, वीज कंपनीचा माणूस, कधी मनाने आजारी असलेला एखादा. तेव्हा पद्धत ठरलेली हवी. चौघांपैकी एकाने बोलायचे, बाकीच्यांनी दोन पावले मागे थांबायचे. नाव, गाव आणि कुणाकडे आलात हे विचारायचे. त्या गावच्या पोलीस पाटलांना किंवा ज्याचे नाव सांगितले त्याला फोन लावायचा. झडती घ्यायची नाही, मोबाइल काढून घ्यायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. उत्तर पटले नाही तर ११२. शिट्टी फक्त गस्तीतल्या माणसांसाठी वाजवायची. देवळातली घंटा किंवा भोंगा वाजवला की जमाव झालाच म्हणून समजा. भोंगा आग आणि पुरासाठी ठेवा.

‘आधी चोप, मग पोलीस’

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सामान्य माणसाला अटकेचा अधिकार देते, पण त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तरच, किंवा धरलेला माणूस घोषित फरारी असेल तर. धरल्यावर विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांकडे सोपवावे लागते. मारायचा अधिकार त्यात कुठेही नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते.

शिवाय मारहाणीने खटला कमजोर होतो. जखमी संशयिताला आधी दवाखान्यात न्यावे लागते, चौकशी लांबते, आणि माल विकत घेणारा तोवर सावध होतो. संशयिताचा फोटो स्टेटसवर टाकला की ओळख परेडला (साक्षीदाराने अनेकांतून त्याला ओळखण्याला) अर्थ उरत नाही, कारण साक्षीदाराने चेहरा आधीच पाहिला, असे बचावाचे वकील म्हणणारच. फोडलेले कुलूप, टाकून दिलेली पहार, कपाटाचे दार यांना पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावू नये.

‘कॅमेरे बसवले की काम झाले’

कॅमेऱ्याचा उपयोग आहे, पण आधी साठवणीचा हिशेब करा. २ एमबीपीएसवर (सेकंदाला दोन मेगाबिट) चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी जागा खातो. आठ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर सहा दिवसांच्या आत जुने चित्रण पुसले जाते. चोरी आठवड्याने लक्षात आली तर हाती काहीच नाही. डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) कुलूपबंद आणि कॅमेऱ्यांपासून दूर ठेवा, त्याला इन्व्हर्टरची जोड द्या, घड्याळ दर महिन्याला जुळवा. चित्रण देताना पडद्याचे मोबाइलने केलेले शूटिंग चालत नाही. मूळ फाइल आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

‘सगळ्या ग्रुपवर टाका’

तारीख, गाव आणि कळवणाऱ्याचे नाव नसलेला मजकूर पुढे पाठवू नका. पोलीस पाटील किंवा ठाण्याने दुजोरा दिला तरच पाठवा, आणि त्यात ‘टोळी आली’ असे न लिहिता जागा, वेळ आणि गाडीचे वर्णन लिहा. प्रकरण मिटले की त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज टाका: माणूस कोण होता, चौकशी कुणी केली, आता काळजीचे कारण नाही. हा दुसरा मेसेज कुणी टाकत नाही. त्यामुळे पुढच्या गावांत लोक तीन-तीन दिवस काठ्या घेऊन त्याच माणसाची वाट पाहत बसतात.