तार निघणारं, बिनमिठाचं, शाकाहारी

रविवारी घरी पिझ्झा करायचं ठरलं. माझ्याकडे काम एकच, चीज आणायचं. मी चपला घालेपर्यंत मागून पथ्यं यायला लागली. बाबांना बीपी, तेव्हा मीठ कमी. वहिनीला दूध सोसत नाही. भाचीला पाचवा महिना. सासूबाई कट्टर शाकाहारी. चिरंजीवांची अट साधी होती: तार निघाली पाहिजे.

आमच्या लहानपणी चीज डब्यात यायचं आणि डबा उघडायला शेजारचे काका लागायचे. निवड करायचीच नसे.

दुकानातल्या थंड कपाटापुढे मी इतका वेळ उभा राहिलो की कान गार पडले. वहिनीचं कोडं आधी सुटलं. जुनं, मुरलेलं चीज अशा लोकांना बहुधा चालतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरंचसं निवळीबरोबर निघून जातं आणि उरलेलं मुरता मुरता जीवाणू फस्त करतात. म्हणून ऐटीत इटलीचं पार्मिजानो रेज्जानो उचललं. मग आठवलं, ते वासराच्या जठरातल्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेटनेच करतात, तसा नियमच आहे तिकडे. पाकीट जागेवर ठेवलं आणि उगाचच हात पँटला पुसला.

हिरव्या ठिपक्याचं, मुरलेलं चेडर मिळालं. पण त्यात १०० ग्रॅममागे सहाशेच्या वर मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे मिठातलं तेच ते. प्रोसेस्ड क्यूब तर हजाराच्याही पुढे, आणि माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहायचं असतं. स्विस एमेंटालमध्ये मीठ फार कमी. मात्र त्या किमतीत अर्धा किलो काजू आले असते. ब्री आणि निळ्या बुरशीवालं भाचीमुळे बाद, लिस्टेरिया जंतूंची भीती. तिच्यासाठी पाश्चराइज्ड शब्द शोधायचा होता. तो नेमका घडीखाली छापलेला, आणि माझा चष्मा घरी.

"काका, क्यूब देऊ की स्लाइस?" तिथल्या मुलीनं तिसऱ्यांदा विचारलं. तिला सगळी यादी ऐकवली. ती म्हणाली, "मग पनीर न्या ना!"

पनीरला तार कुठून येणार? शेवटी वहिनीला चेडर आणि बाकीच्यांना पाण्यात तरंगणारे मोझरेलाचे गोळे घेतले. मीठ कमी, हिरवा ठिपका, पाश्चराइज्ड, शिवाय तार. गोळे आधी निथळून घ्यायचे असतात, हे पिझ्झा ओव्हनमध्ये गेल्यावर कळलं. मधोमध तळं झालं. चिरंजीवांनी तार काढली, तिच्याबरोबर खालची पोळीही आली.

बाबांनी भिंग आणून रिकामं पाकीट वाचलं. "सोडियम आहे रे यात," म्हणाले आणि ताटली सरकवली. मग आमटीभात मागवला. सोबत दोन पापड, लिंबाच्या लोणच्याची फोड.

"बाबा, पापडात सोडियम नसतं का?"

"कुठे लिहिलंय?" त्यांनी पापड उलटासुलटा करून दाखवला. "हे तुझ्या मावशीनं पाठवलेत."