बालकाला केंद्रात कसे बसवावे

बालकेंद्री अभ्यासक्रम घडवण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर त्यातील ‘केंद्र’ कोणते, हे आधी नीट समजून घ्यावे. आसपासच्या शाळा मिळून जे बनते, ज्याला केंद्रप्रमुख असतात, जेथे शिक्षकांची शिक्षण परिषद भरते आणि चहाबरोबर माहितीचे तक्ते मागवले जातात, तेच खरे केंद्र. बालकाने त्याच्या परिघावर कोठेतरी मुकाट बसावे, एवढेच अपेक्षित असते.

नवी तत्त्वे शोधण्याच्या फंदात पडू नये. 1993 मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षण सांगितले, 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडून ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडायला सांगितले, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 ने कृतीतून, शोधातून व भयमुक्त वातावरणात शिकण्याचा आग्रह धरला. हे सारे भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून घ्यावे आणि शिक्षकांकडून तोंडपाठ करून घ्यावे, म्हणजे घोकंपट्टी वाईट असते हे कोणी विसरणार नाही.

याच कलमात शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावी, असेही म्हटले आहे. त्यातील ‘व्यवहार्य असेल तेथवर’ एवढेच शब्द अधोरेखित करून ठेवावेत. सोलापुरात ते फार कामी येतात. पूर्व भागातले मूल घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे कन्नड, शेजारचे उर्दू, आणि ज्याच्या घरी मराठी आहे त्याचीही मराठी पुस्तकातली नसते. तेव्हा कोणालाच धड न कळणारी भाषा वापरली, की समतेचे तत्त्व आपोआप साधते.

शाळेबाहेरच्या जगण्याशी मात्र जपून वागावे. विडी वळणाऱ्या आईच्या शेजारी बसून चौथीतली मुलगी विड्या मोजते, खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा करते, हजाराच्या दराने आठवड्याची मजुरी किती व्हायला हवी आणि हातात किती आली, यातला फरक पाटीवर मांडते. असे गणित वर्गात शिरू दिल्यास ते पुढे कोठवर जाईल, याचा नेम नाही. शिवाय त्याचे उत्तर शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत छापलेले नसते. त्याऐवजी जीवनाशी जोड म्हणून तिला बँक व्यवस्थापकाचे मनोगत लिहायला द्यावे.

उरला भयमुक्तीचा प्रश्न. अधिकाऱ्यांची भेट ठरली की आदल्या दिवशीच ‘उद्या कोणी घाबरायचे नाही’ अशी सक्त ताकीद मुलांना द्यावी.

भेटीच्या दिवशी उपक्रमाचा फोटो काढताना मूल बरोबर मधोमध येईल, अशी दक्षता घ्यावी, कारण पोर्टलवर चढवायचा पुरावा तोच. त्या मुलीला पुढच्या रांगेत उभे करावे, तिच्या हातात पाटी द्यावी आणि पाटीवर सुवाच्य अक्षरात ‘आनंददायी शिक्षण’ असे लिहावे. पाटीवर आधीचे काही आकडे असतील, तर ते ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत.