पाळकीणबाईंना पेटी येते का?

आज सकाळच्या उपासनेत नवीन पाळकसाहेबांनी, म्हणजे आपल्या चर्चच्या नव्या धर्मगुरूंनी, मंडळीला आपली आणि घरच्यांची ओळख करून दिली. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. पाळकसाहेबांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. उपासना सुटल्यावर आवारात चहाच्या टेबलाशी जे बोलणं चाललं होतं, त्याचा संताप आलाय.

साहेब मोजकंच बोलले. मूळचे नगर जिल्ह्यातले, घरी कोरडवाहू शेती, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, नंतर बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी. घरभेटीला येईन तेव्हा जेवणाचा घाट घालू नका, कपभर चहा पुरे, म्हणाले. रात्री-अपरात्री कोणी आजारी असलं तर संकोच न करता फोन करा, म्हणाले. मग घरच्यांची ओळख. त्यांना पुढे बोलावलंच नाही! तिसऱ्या बाकावर बायको-मुलं बसली होती, तिकडे हात करून म्हणाले, "या माझ्या पत्नी. आय.सी.यू.मध्ये स्टाफ नर्स आहेत, इथल्या हॉस्पिटलात रुजू होतायत. ड्यूटी रविवारीही लागते. एखाद्या रविवारी दिसल्या नाहीत तर त्या आजाऱ्यांजवळ आहेत असं समजा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि बाहेर आल्यावर आपण पाळकीणबाईंना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, काय बोललो? "पेटी येते का हो तुम्हाला?" "मग महिला मंडळ कोण घेणार?" "रविवारी पाळकीणच चर्चला नाही, बरं दिसतं का ते?" एका आंटींनी तर पाळकसाहेबांच्या नववीतल्या मुलीला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं, "स्तोत्र 23 म्हणून दाखव बघू, पाळकाची मुलगी ना तू!" पोर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत वडिलांकडे बघत राहिली. साहेब शांतपणे म्हणाले, "आज नको, आंटी. दमलीय ती." देव त्यांचं भलं करो.

मी स्वतः पाळकाची मुलगी आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पप्पांची एका तालुक्याच्या गावी बदली झाली तेव्हाचं सांगते. पहिल्या रविवारी आम्हा सगळ्यांना वेदीपुढे रांगेत उभं केलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "पाळकीणबाई, पेटीवर एक गीत होऊन जाऊ द्या." आई म्हणाली, "मला येत नाही." इतक्या हळू म्हणाली की त्यांनी पुन्हा विचारलं. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. आईनं डी.एड. केलं होतं. आधीच्या गावात ती शाळेत शिकवायची आणि बदलीपायी ती नोकरी सोडून आली होती. ते कोणीही विचारलं नाही, पेटी तेवढी विचारली.

मला सांगा, बी.डी.ची पदवी कोणाची? दीक्षाविधीत बिशपसाहेबांनी हात कोणाच्या डोक्यावर ठेवले? डायोसिसचं, म्हणजे बिशपसाहेबांच्या धर्मप्रांताचं, नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं? पगार तर एकाचाच, आणि तो किती हे कमिटीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग एका पगारात दोन माणसं राबवायची ही रीत कुठून आली? पार्सनेजच्या, म्हणजे पाळकांच्या राहत्या घराच्या, मागच्या खोलीत पाणी गळतंय. ते दुरुस्त करायचं म्हटलं की फंड नसतो, आणि पाळकीणबाईंनी मात्र संडे स्कूल, महिला मंडळ, नाताळची नाटुकली सगळं फुकट सांभाळायचं.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण दर महिला दिनाला घेतो. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या पुण्यात आणलं. कशासाठी? बाईनं शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, यासाठीच ना? रमाबाईंच्या फोटोला हार घालायचा आणि शिकलेल्या नर्सबाईंना "पेटी येते का" विचारायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. 1970 मध्ये नागपुरात सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा सगळ्यांनी बाप्तिस्म्यासारख्या बाबतीतसुद्धा एकमेकांचं सांभाळून घेतलं. आपल्याला एका बाईची रविवारची ड्यूटी सांभाळून घेता येत नाही?

हां, बायका आपलं दुखणं पाळकांपेक्षा पाळकीणबाईंपाशी मोकळेपणानं बोलतात, हे खरं आहे. मान्य. आणि ज्यांना हौस आहे, वेळ आहे, त्यांनी जरूर करावं. पण ते त्यांच्या खुशीनं.

आई पेटी शिकली. रात्री आमची जेवणं, भांडी उरकली की बसायची. पट्ट्यांवर सा, रे, ग लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या भाताच्या शितानं चिकटवल्या होत्या. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून भाता अर्धाच उघडायची, त्यामुळे सूर मध्येच दबायचा आणि ती परत पहिल्या ओळीपासून सुरू करायची. मी अंथरुणात पडून ऐकायचे. पुढे मंडळी कौतुक करायला लागली, "बाईंनी किती गोड हात बसवलाय!" बसवला खरा. पण शाळेत ती परत कधीच गेली नाही. पप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली आणि आईला "साथ दिल्याबद्दल" साडी. नोकरीत राहिली असती तर आज तिला स्वतःची पेन्शन असती, औषधांसाठी माझ्याकडे बघावं लागलं नसतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आपली मंडळी वाईट नाही, मला माहीत आहे. करोनात याच बायकांनी घरोघरी डबे पोहोचवले. ज्या आंटींनी स्तोत्र म्हणायला लावलं, त्या माझ्या बाळंतपणात रोज तेल लावायला यायच्या. म्हणूनच हक्कानं बोलतेय. परकी असते तर गप्प बसले असते.

तर महिला मंडळाचं मी बघते. बुधवारची बैठक माझ्याकडे, दिवाळीनंतर दुसऱ्या कोणीतरी घ्या. पेटीसाठी संडे स्कूलची दोन मोठी मुलं तयार आहेत, त्यांना संधी द्या. पार्सनेजच्या गळतीचा विषय येत्या कमिटी मीटिंगला पहिला घ्यायचा, सेक्रेटरींना मी आजच मेसेज टाकलाय. आणि कोणाकडे नववीची स्टेट बोर्डाची, मराठी माध्यमाची पुस्तकं असतील तर शनिवारपर्यंत माझ्याकडे आणून द्या. शाळा सुरू झाली आहे आणि पोरीचं पुस्तकांचं खोकं अजून नगरलाच अडकलंय.