ठिबकावरची करपट चव

लातुरात कॉट बेसिसवर राहून तिसऱ्यांदा नीटची तयारी करणाऱ्या आणि रात्री मेसचा डबा धुऊन झाल्यावर गच्चीच्या जिन्यात बसून ई-सिगारेटच्या उघड्या कॉइलवर बाटलीतून थेंब सोडणाऱ्या वाचकास सध्या जी अडचण भेडसावत आहे, ती लहानसहान नाही. चार थेंब मोजून टाकावेत, बटण दाबावे, हापूसच्या स्वादाच्या आशेने झुरका ओढावा, आणि घशात उतरावी ती तव्यावर विसरलेल्या भाकरीची चव. अशा प्रसंगी काय करावे, याचे मार्गदर्शन क्लासच्या कोणत्याही नोट्समध्ये मिळत नाही. ही उणीव भरून काढणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सर्वप्रथम धीर धरावा, कारण थेंबांचे शास्त्र आपणास परके नाही. आपल्या वडिलांनी अंबड तालुक्यात मोसंबीला ठिबक बसवले आहे, आणि आपण ज्या शहरात शिकता त्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. थेंब कोठे, किती आणि किती वेळाने पडावा, हे मराठवाड्याच्या माणसाला शिकवावे लागत नाही. बागेत हिशेब चुकला तर झाड वाळते, येथे चुकला तर कापूस जळतो, एवढाच काय तो फरक.

यंत्राची रचना सोपी आहे. तारेचे एक वेटोळे, म्हणजेच कॉइल, त्यातून ओवलेली कापसाची वात, आणि त्या वातीत मुरलेला ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, निकोटीन व स्वाद यांचा द्राव. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन २९० अंशांना. वात ओली असेपर्यंत तारेची उष्णता या द्रावाची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि तार आवाक्यात राहते, जसे पातेल्यात पाणी असेपर्यंत पातेले लाल होत नाही. द्राव सरला की उष्णतेला दुसरे काम उरत नाही. टाकी असलेल्या यंत्रात द्राव आपोआप झिरपत राहतो. ठिबकवाल्यांना मात्र दर काही झुरक्यांनी स्वतः थेंब सोडावे लागतात, आणि गप्पांच्या ओघात एखादा झुरका जास्त झाला की वातच पेट घेऊ लागते. आमच्या आजीने हे निदान कोणताही क्लास न लावता केले होते. देवापुढचे निरांजन फडफडले की ती तेथूनच ओरडत असे, ‘अगं, तेल सरलं, वात जळायली बघ!’

म्हणून पहिला उपाय असा की, थेंब वेळेवर टाकावेत. फार टाकल्यास द्राव खालच्या हवेच्या छिद्रातून गळतो व विजारीच्या खिशात मुरतो, कमी टाकल्यास करपतो. या दोन टोकांमधील सुवर्णमध्य साधण्यासाठी जी एकाग्रता लागते, ती आपण सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी राखून ठेवली होती. ती आता येथे वळवावी. तेथे तशीही ती पडूनच होती.

वात हा विषय जरा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण निम्मी करपट चव तिच्याच पोटी जन्माला येते. वात घट्ट बसली तर द्राव तिच्यात चढत नाही आणि तारेला लागलेला भाग कोरडा राहतो. सैल बसली तर तार आणि कापूस यांच्यात पोकळी राहते आणि तेथे तार एकटीच तापते. या कामासाठी जाणकार मंडळी जपानी कापूस वापरतात. तो न रंगवलेला, ब्लीच न केलेला, सेंद्रिय असतो आणि अर्थातच महाग असतो. आपल्या घरी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचून ठेवलेला आहे, भाव वाढेल या आशेवर वडील तो विकत नाहीत आणि त्यामुळे घरच्यांना अंगाला खाज सुटत असूनही त्याच खोलीत झोपावे लागते, ही गोष्ट येथे गैरलागू आहे. आपल्या शिवारात पिकतो तो शेतमाल असतो. अॅटमायझरमध्ये, म्हणजे यंत्राच्या वाफ करणाऱ्या भागात बसतो त्याला कॉटन म्हणतात. तो वळण्याची कला मात्र आजीकडून अवश्य शिकून घ्यावी. चातुर्मासात ती लक्ष वाती वळते, आणि नातवाला अचानक वातींची गोडी लागलेली पाहून तिला जे समाधान वाटेल त्याची किंमत करता येणार नाही.

नवी वात घालूनही चव सुधारत नसेल, तर तारेवर साचलेली काळी पुटे पाहावीत. द्राव जितका गोड, तितके पुट जाड, कारण गोडीसाठी घातलेले पदार्थ वाफ होऊन उडून न जाता तारेवरच करपून बसतात. वडिलांच्या ड्रिपरमध्ये बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात आणि ते नळ्यांत आम्ल सोडून ते साफ करतात, हा त्याच जातीचा रोग आहे. मागील महिन्यात त्यांनी त्याविषयीच फोन केला होता आणि आपण ‘टेस्ट आहे, नंतर बोलतो’ असे सांगितले होते. आपल्या बाजूचा इलाज सोपा आहे. वात काढून टाकावी, कोरडी तार लाल होईपर्यंत तापवावी, घासावी, नवी वात घालावी. दर आठवड्याला इतकी साफसफाई आपण मेसच्या डब्याचीही केलेली नाही.

यानंतर भौतिकशास्त्र. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट असतो. दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते. म्हणजे २ ओहमच्या कॉइलवर सुमारे ९ वॉट आणि अर्ध्या ओहमच्या कॉइलवर सुमारे ३५ वॉट. कमी रोधाची कॉइल मोठा धूर देते आणि तितक्याच वेगाने वात सुकवते. या मोठ्या धुराचे आकर्षण केवळ आपल्यालाच आहे असे मानून संकोच करू नये. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ई-सिगारेट ओढणाऱ्या सुमारे ११०० शाळकरी मुलांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात चौघांपैकी एकाने ठिबक करून पाहिल्याचे सांगितले, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण दाट धूर हेच होते. ओहमच्या नियमावरचा सराव परीक्षेतील प्रश्न आपण दोनदा चुकवला होता. जिन्यात बसून तोच हिशेब आपण तोंडी करता. लातूर पॅटर्नचे यश म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

रसायनशास्त्र मात्र या बाबतीत जरा अडेल भूमिका घेते. ग्लिसरीन फार तापले की त्यातून अॅक्रोलिन तयार होते. कढईतले तेल जळाल्यावर डोळ्यांत आणि घशात जे झोंबते, त्यात हाच पदार्थ असतो. त्याच आचेवर फॉर्मल्डिहाइडही बनते. ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात वर्षानुवर्षे टिकून राहिला तो द्राव म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉर्मल्डिहाइडच, तेव्हा टिकाऊपणाबद्दल शंका नको. अमेरिकन संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखवले की ३.३ व्होल्टवर ते सापडत नाही आणि ५ व्होल्टवर भरपूर सापडते. त्यावर ई-सिगारेटची बाजू घेणाऱ्या तज्ज्ञांनी मोठा बिनतोड आक्षेप घेतला: इतक्या व्होल्टवर चव एवढी करपट होते की कोणीही माणूस तो झुरका ओढणारच नाही, म्हणून प्रयोग अवास्तव आहे. थोडक्यात, साऱ्या यंत्रात खरे बोलणारा एकच घटक आहे, आणि तो म्हणजे ही करपट चव. आपली तक्रारही नेमकी त्याच्याबद्दल आहे.

हे सर्व करूनही गुण न आल्यास बाटलीवर संशय घ्यावा. बाटली आपल्याला पुण्याच्या मित्राच्या मित्राने दिली, तिच्यावर आंब्याचे चित्र आहे, आणि आत काय आहे हे त्या आंब्यालाच ठाऊक. पावती मागण्याची सोय नाही, कारण सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठा यांवर देशभर बंदी आली. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ग्राहक आयोगात ‘माल करपट निघाला’ अशी तक्रार नोंदवण्याचा विचार असल्यास तो एखाद्या वकील मामांना आधी बोलून दाखवावा. दिवाळीला हसण्यासाठी त्यांना काहीतरी विषय हवाच असतो.

शेवटचा उपाय सर्वांत खात्रीचा असून त्याला कसलाही खर्च नाही. काहीही दुरुस्त न करता ओढत राहावे. काही आठवड्यांत जीभ स्वतःच हार मानते, आणि मग हापूस, पुदिना व जळका कापूस यांत तिला फारसा भेद उरत नाही. मेसची भाजीही तेव्हापासून गोड मानून घेता येते, हा वरचा नफा. सुट्टीत गावी गेल्यावर चुलीवरची आमटी आईच्या हातून एखाद्या दिवशी खाली लागेल, ती ताट वाढताना ओशाळून म्हणेल, ‘आज जरा करपली रे बाळा, तशीच खाऊन घे.’ तेव्हा आपण वाटी तोंडाला लावावी, दोन घोट घ्यावेत आणि अगदी खरेखरे सांगावे, ‘मला तर काहीच लागेना, आई.’ पोरगा लातूरला जाऊन किती समजूतदार झाला, हे ती संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून येईल.