एकशे आठ मण्यांची रत्नागिरी

आपल्या प्रोग्राममधून मराठी मजकूर वाचता येईल असा बाहेर पडत असेल, तर तो दोष आधी दूर करावा. बाइट्स, म्हणजे संगणक मजकूर ज्या आकड्यांत साठवतो ते, थेट मजकूर बनवणाऱ्या ‘एसटीआर’च्या हवाली करावेत, पायथॉन ३ ही प्रोग्रामिंगची भाषा चकार शब्द न काढता पुढे ‘बी’ आणि अवतरणचिन्ह लावून सगळे बॅकस्लॅशसकट फाईलीत लिहून टाकते.

आंबा बागायतदारांच्या नावगावांची अशीच एक यादी गेल्या आठवड्यात पेट्यांची लेबले छापण्यासाठी माझ्याकडे आली. ‘रत्नागिरी’ म्हणजे युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या यादीतली ९ चिन्हे, ती बाइट्समध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट आणि प्रत्येक बाइट लिहायला ४ अक्षरे. म्हणजे बरोबर १०८. जपाची सोय झाली.

तयार झालेली फाईल स्वतः कधीही उघडून पाहू नये.

कोणी तक्रार केलीच, तर बॅकस्लॅशचे संकेत उलगडणारे ‘युनिकोड एस्केप’ चालवून ‘डीकोड केले आहे’ असे ठणकावून कळवावे. हे साधन प्रत्येक बाइटला लॅटिन-१ या युरोपीय अक्षरांच्या तक्त्यातले एक स्वतंत्र अक्षर समजते, त्यामुळे ‘र’च्या ई०, ए४, बी० या तीन बाइट्सची तीन परकी चिन्हे होतात, ती लॅटिन-१ ने पुन्हा बाइट्समध्ये नेऊन यूटीएफ-८ ने वाचावी लागतात, पण एवढा उपद्व्याप कोण करतो? मला आलेल्या दुसऱ्या फाईलीत गुहागरपासून राजापूरपर्यंत प्रत्येक गाव डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ‘ए’ने सुरू होत होते. पुन्हा विचारल्यावर यादी पाठवणाऱ्या गृहस्थांनी फक्त इंग्रजी अक्षरे आणि आकडे ओळखणाऱ्या ‘आस्की’ला ‘इग्नोर’ची, म्हणजे न कळेल ते गाळण्याची, जोड दिली. चुका गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळी मराठीही गेली! उरले ते पिनकोड आणि मोबाईल नंबर. एका पिनकोडाखाली किती वाड्या येतात, हे इथल्या पोस्टमनला विचारा.

अनोळखी फाईलीतली ओळ मिळेल तो मजकूर आज्ञा म्हणून चालवणाऱ्या ‘इव्हॅल’ला बेलाशक द्यावी, पडवीत टेकलेल्या वाटसरूला माजघराची किल्ली द्यावी, तशी.

अहो, बाइट्स हातात होते तेव्हाच ‘डीकोड’ लिहून कंसात यूटीएफ-८ द्यायचे होते, एवढेच काम होते! फाईल बिघडल्यावरही पायथॉनच्याच ‘एएसटी’मधल्या, आज्ञा न चालवता नुसते मूल्य वाचणाऱ्या ‘लिटरल इव्हॅल’ने मूळ बाइट्स परत मिळाले असते. यूटीएफ-८ १९९२ सालचे आहे, काल आलेले नाही. तुम्हाला मराठी वाचता येते, मग तीनदा पाठवताना एकदाही पहिली ओळ वाचावीशी वाटली नाही? पेट्या माझ्या ओटीवर बिनलेबलाच्या पडून आहेत आणि पेंढ्यातला हापूस पिवळा पडू लागला आहे. यादी पुन्हा पाठवा, आणि या वेळी उघडून पाहून पाठवा.