सामान बघायला कोण आहे?

एकटीनं प्रवासाला निघते म्हटलं की घरचे यादी वाचायला घेतात: चोर, वादळं, अपघात, अनोळखी माणसं. त्या यादीत शौचालय कधीच नसतं, आणि एकट्या माणसाची पहिली परीक्षा नेमकी तिथेच असते. दोघं असले की प्रश्न नाही. एक जातो, दुसरा सामानावर बसतो. सडाफटिंग माणसाला ही चैन नाही. पाठीवर मोठी सॅक, पोटावर छोटी, काखेत बाटली अशा अवतारात तो फलाटाच्या पार टोकाला असलेल्या त्या दारासमोर उभा राहतो. विमानतळावर सामान बाहेर ठेवून जायचीही सोय नाही. बेवारस पिशवी दिसली की सुरक्षारक्षक गोळा होतात, आणि आपण आत असताना बाहेर आपल्या नावाचा पुकारा होणं काही बरं नव्हे.

तर या मोहिमेचं शास्त्र. दार बहुधा आत उघडतं. म्हणजे ते लावायचं तर आधी आपल्याला बाजूला सरकायला हवं. आणि पाठीवर चाळीस लिटरची सॅक असेल तर माणूस सरकतो, सॅक सरकत नाही. म्हणून ती बाहेरच उतरवायची, पुढे लोटायची, तिच्यामागून आपण आडवं शिरायचं आणि कडी लागेपर्यंत तिला मिठी मारून उभं राहायचं. दाराला हूक असतो, पण त्याच्यावर जीव टाकू नये. पातळ फळीत दोन आखूड स्क्रूंवर तो लटकत असतो. सहा-सात किलो अडकवले की स्क्रूसकट खाली येतो, आणि मग सॅक कशात पडेल ते सांगता येत नाही. हुकावर फक्त छोटी पिशवी. मोठीला रेनकव्हर चढवायचं, कव्हराची बाजू खाली करून कोपऱ्यात टेकवायची आणि तिचा पट्टा पायाखाली दाबून धरायचा. मोबाईल पँटच्या मागच्या खिशात असेल तर आत जाण्याआधीच काढून चेनच्या कप्प्यात टाकायचा. डोक्यावर सरकवलेला गॉगलही. वाकताना या दोन वस्तू खाली कुठे बघतात हे अनुभवी लोकांना ठाऊक असतं.

या कटकटीला कंटाळून पाणीच न पिणारे महाभाग असतात. त्यांचं संध्याकाळी डोकं धरतं आणि खापर प्रवासावर फुटतं. माझा नियम साधा आहे: लागली म्हणून जायचं नाही, जागा चांगली दिसली म्हणून जायचं.

सॅक किती जड असावी यावर लोक वाद घालतात. वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. भरलेली सॅक डोक्यावरच्या कप्प्यात कोणाच्या मदतीशिवाय ठेवता आली पाहिजे, आणि ती पाठीवर घेऊन तीन मजले न थांबता चढता आले पाहिजेत. साधारण सात किलोच्या पुढे दोन्ही जमेनासं होतं. 1888 साली नेली ब्लाय ही अमेरिकन वार्ताहर एकटी जगाच्या फेरीला निघायचं म्हणाली, तेव्हा तिच्या वृत्तपत्रातल्या वरिष्ठांनी दोन हरकती काढल्या: बाईमाणसाला सोबत लागेल आणि सामान फार होईल. पुढच्या वर्षी तिनं सोळा इंच रुंद, सात इंच उंच अशी एक हातपिशवी भरली आणि 72 दिवसांत फेरी पुरी केली. त्या पिशवीत टोप्या होत्या, शाई-टाक होते, सुईदोरा होता, आणि कोल्डक्रीमची एक बरणी होती जी तिला वाटेत जागोजागी नडली. बरणी आत गेली की झाकण लागेना. आपल्या प्रत्येकाच्या सामानात ही बरणी असतेच, फक्त तिचं नाव वेगळं असतं. बहुधा ती "असू दे, लागलीच तर" या जातीची, दोन किलोची वस्तू असते. निघण्याच्या आदल्या रात्री सगळं पलंगावर मांडावं आणि ती बरणी शोधावी.

मोबाईल ही आता सोबतच झाली आहे, त्यामुळे ती अर्ध्या वाटेत मरू नये एवढं बघायचं. वीस हजार एमएएचची पॉवरबँक म्हणजे 74 वॉट-अवर. विमानात साधारण 100 पर्यंत चालते, पण जवळच्या पिशवीत, चेक-इनच्या सामानात नाही. ऐनवेळी दगा देते ती मात्र पॉवरबँक नव्हे, तिची वायर. पिनेजवळच्या मानेत ती आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. म्हणून वायरी दोन. नकाशा वायफायवर असतानाच उतरवून ठेवायचा, आणि मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर. कागदाला चार्जिंग लागत नाही. पैसे तीन ठिकाणी: रोजचे खिशात, कार्ड सॅकमध्ये, अडीनडीचे अंगावर. चौथी जागा करू नये. ती आपल्यालाच सापडत नाही.

आता रात्र. नव्या गावात उजेडी पोचायचं आणि पहिल्या दोन रात्रींची खोली आधी ठरवून ठेवायची. दोन का, तर पहिल्या रात्री झोप लागत नाही, आणि तो भित्रेपणा नसतो. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की परक्या जागेत पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीइतकी गाढ झोपत नाही, बारीकसारीक आवाजाला कान देऊन असते. थोडक्यात, एकट्या माणसाचा अर्धा मेंदू सामान बघत बसतो. दुसऱ्यांदा त्याच जागी झोपलं की हा पहारा बराच सैल होतो. रोज मुक्काम हलवणाऱ्यांचा पहारेकरी रोज नव्यानं ड्यूटीवर येतो, आणि मग चौथ्या दिवशी हे लोक संग्रहालयातल्या बाकावर घोरतात.

पहारेकऱ्याला मदत म्हणून दाराखाली रबराची पाचर सारावी. दार आत उघडणारं असेल तरच तिचा उपयोग. बाहेर उघडणाऱ्या दाराला पाचर लावणं म्हणजे मनाची समजूत. आणि जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ती एकदा मोजून यावीत. धूर झाला की पाट्या दिसत नाहीत, मोजणी कामाला येते. एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी रात्री कोणी बोटीवर चढेल ही धास्ती होती, म्हणून त्यानं डेकवर बारीक टोकदार खिळे पसरले आणि खाली जाऊन झोपला. अनवाणी आलेले पाहुणे बोंबलत परतले. मात्र रात्री स्वतःला उठायचं झालं तर चप्पल घालायची आठवण हवी, म्हणून माझं मत पाचरीलाच.

एवढं सगळं करणारी शूर माणसं एका गोष्टीपुढे हात टेकतात: एकट्यानं हॉटेलात जेवणं. "किती जण?" या प्रश्नाला "एकच" म्हणताना आवाज असा उतरतो की जणू बाकीचे वाटेत गेले. सगळं हॉटेल आपल्याकडे बघतंय असं वाटतं. बघत नसतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी पाहिला. पाहिला होता जेमतेम पाव लोकांनी. इथे तर आपण साध्या कपड्यांत असतो. खरं अवघड असतं ते ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतचं अंतर. मेनूकार्ड परत द्यायचं नाही, तेच पुन्हा वाचत बसायचं. भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची घ्यायची, पिशवीचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवायचा. हात धुवून यायचं ते ऑर्डर देण्याआधी. ताट आल्यावर उठलात तर परत येईपर्यंत टेबल पुसून चकाचक झालेलं असतं.

मग एकट्यानं फिरणारे हा उपद्व्याप करतात कशाला? एका चित्रासमोर चाळीस मिनिटं उभं राहावं आणि उरलेलं संग्रहालय न बघता बाहेर पडावं, कोणी "पैसे वसूल झाले नाहीत" म्हणत नाही. दुपारी दोनला बेत मोडावा, सभा भरत नाही. फक्त चुकीच्या बसमध्ये बसलं की "तूच म्हणालास" म्हणायला समोर माणूस नसतो, ही उणीव मोठी आहे. स्लोकमसुद्धा आवाज जाऊ नये म्हणून मोठ्यानं हुकूम सोडायचा, सुकाणूवर नसलेल्या माणसाला दिशा विचारायचा. उत्तर आलं नाही की त्याला जास्तच एकटं वाटायचं. बसस्टॉपवर स्वतःशी भांडताना मोबाईल कानाला लावावा, एवढीच आपली सुधारणा.

चार-पाच दिवसांत चालीत सैलपणा येतो, नकाशा खिशात जातो, चेहऱ्यावर माहितगाराची कळा चढते. त्याची शिक्षा लगेच मिळते. फलाटावर एक कुटुंब येतं, आपल्याकडे नीट निरखून बघतं, आपल्या पायाशी सहा बॅगा आणि एक छत्री रचतं. "जरा सामान बघता का? दोन मिनिटांत आलोच," म्हणून सगळेच्या सगळे त्या टोकाच्या दाराकडे चालू लागतात. पंधरा मिनिटं होतात. आणि सकाळपासून नेमानं प्यायलेलं ते सगळं पाणी आपल्याला तेव्हाच आठवतं.